कलशाखालची पितळी कडी

मैत्रिणींनो, आज मान वर होत नाहीये, म्हणून इथे लिहिते.

माझी मुलगी वैदेही गोल बॅन्जो वाजवते. चामडं फाटलं म्हणून तिने तो घरीच उघडला, भाग पिशवीत भरून एरंडोलला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या नानांकडे दिला. आज परत आणला, तर आवाज पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा! आत पाहिलं, चामड्याखालची जाड पितळी कडीच नाही.

"आई, त्या कडीनेच आवाज खणखणीत येतो गं," वैदेही रडकुंडीला आली.

मी तडक नानांना फोन लावला. "पितळ मोडीत विकलं ना?"

त्यांचा स्पीकर चालू होता. दुकानातली गिऱ्हाईकं नानांना हसलेली मला ऐकू आली. नाना एवढंच म्हणाले, "अक्का, मनाकडे नही शे." म्हणजे, माझ्याकडे नाहीये.

दिवेलागणीला देवघरातला कलश उचलताना खालची अडणी फरशीवर पडली. केवढा लांब, गोड नाद घुमला! वैदेही धावत आली. "आई, ही तर बॅन्जोची कडी! कुठून आणलीस?"

खिडकीत पडली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून मीच चिंचेने घासून कलशाखाली ठेवली होती.

उद्या एरंडोलला जाऊन नानांचे पाय धरीन. पण ती हसलेली गिऱ्हाईकं कुठून गोळा करू, सांगा ना?