दही-साखर खाऊन येऊ नये

स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात माझ्या वाटेला जाऊ नये, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सगळ्यांना म्हणजे आमच्या ह्यांना, कारण घरात आम्ही दोघंच. छातीचा कॅन्सर, ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक, सगळं पार पडून दोन वर्षं झाली. आता उरलं ते ठरावीक महिन्यांनी नागपूरला जाऊन स्कॅन करणं. तो आठवडा आला की मला शेजारच्या कुकरचा, भाजीवाल्याच्या भोंग्याचा, ह्यांच्या पेपरची घडी घालण्याचा, सगळ्याचा राग येतो. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तेव्हाही राग यायचा, पण समोर पन्नास पोरं असायची, वाटून जायचा. आता सगळा एकट्या ह्यांच्या वाट्याला.

या वेळी रागाला कारणही होतं. मागच्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक ठिपका निघाला होता. डॉक्टर म्हणाले, "जुना डाग असेल, नसेलही. तीन महिन्यांनी पाहू. वाढला तर पुन्हा केमो." त्यांनी 'पाहू' म्हटलं आणि मी तिथंच मनात ठरवून टाकलं, की ठिपका वाढो नाहीतर फुप्फुसभर पसरो, केमो मी पुन्हा घेणार नाही. तोंडातले फोड, पाण्याचाही येणारा उमासा, आणि पायाची बोटं तर अजून बधिर आहेत. चप्पल पायातून निसटते आणि मला ते चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. बस झालं म्हटलं. हे मी कोणालाच सांगितलं नाही, ह्यांना तर नाहीच नाही.

स्कॅनच्या आदल्या दिवशी सिंदीहून माझी मोठी बहीण आली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि मी साठी ओलांडली तरी तिच्या लेखी अजून फ्रॉकातली. मी तिला वर्गात शिकवावं तसे नियम समजावले. सकाळी पोटात पाण्याशिवाय काही नाही. गोड तर मुळीच नाही, कारण सुईतून जे औषध देतात ते साखरेच्याच जातीचं असतं. शरीरात जिथं गडबड असेल तिथं ते जास्त शोषलं जातं आणि फोटोत चमकतं. आधीच साखर खाल्ली तर सगळा फोटो बिघडतो.

"मले काय शिकवतं वं?" ताई म्हणाली. "समजते मले."

सकाळी साडेसहाला गाडी दारात उभी. ह्यांच्या काखेत फाइल. हे तहसीलमध्ये बाबू होते, त्यामुळे माझ्या आजाराला पानावर पान लावून, नंबर टाकून, टॅग बांधलेला आहे. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार तोच ताई वाटी घेऊन आली. "थांब वं जराशीक. हात कर." मी हात पुढे केला. तिनं तळहातावर दही-साखर ठेवली, मी चाटली, वाकून तिच्या पाया पडले आणि गाडीत जाऊन बसले. परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीला, ऑपरेशनलासुद्धा मी हेच करून घराबाहेर पडले आहे. हात आपोआप पुढे झाला, डोक्याला कोणी विचारलंच नाही.

गाव सुटतं न सुटतं तोच दाताखाली साखरेचा एक दाणा कुरकुरला.

"अहो!" मी अशी ओरडले की ह्यांनी करकचून ब्रेक मारला.

"काय झालं?"

"मी दही-साखर खाल्ली."

"कोणं देल्ली?"

"तुम्ही समोर उभे होते नं! फाइल घेऊन!"

"मले वाटलं, एवढी चालत असंल," हे म्हणाले. "नियम तं तुनंच सांगतले होते."

मग तिथं गेल्यावर सांगायचं की नाही, यावर बुटीबोरीपर्यंत आमची जुंपली. ह्यांचं म्हणणं, चमचाभर साखर कोणाच्या लक्षात येते! मी म्हटलं, आणि तो ठिपका नीट दिसलाच नाही तर? सगळं आयुष्य पोरांच्या कॉप्या पकडण्यात घालवलं, आता या वयात स्वतः लपवाछपवी करायची का?

ठिणगी आत होतीच, मी ताईला फोन लावला. "तुले सांगतलं होतं नं, साखर नाई म्हणून?"

"हो, सांगतलं होतं."

"मंग काऊन देल्ली?"

ती म्हणाली, "मांगच्या टायमाले मी नोती. कोणी तुह्या हातावर दही-साखर ठेवली नाई, आन तो ठिपका निंगाला. या टायमाले म्या रिस्क नाई घेतली."

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. एवढी वर्षं गणित शिकवलं, पण हा हिशेब काही मला खोडता आला नाही. मी "ठेव फोन" एवढंच म्हटलं.

स्कॅनच्या ठिकाणी काउंटरवरच्या बाईंना मी गुन्हा कबूल केला. त्यांनी मान वर न करता पेननं भिंतीकडे खूण केली. भिंतीवर छापील पाटी होती, सकाळी गोड काही घेऊ नये. तिच्याखाली कोणीतरी हातानं लिहिलं होतं, 'दही-साखर खाऊन येऊ नये.' आणि त्याखाली वेगळ्या शाईत, 'देवाचा प्रसादही नाही.'

"दुपारी दोनला घेतो तुम्हाला," बाई म्हणाल्या. "त्या बाकावर बसा. सगळे तुमच्यासारखेच आहेत."

बाकावर अल्लीपूरचे एक काका आधीच बसलेले. "तुमचं काय?" त्यांनी विचारलं.

"दही-साखर. तुमचं?"

"गूळ-खोबरं," ते म्हणाले. "बायकोनं देवापुढचं देल्लं. नाई म्हणता येते का?" आम्ही दुपारपर्यंत शेजारी शेजारी उपाशी बसलो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

दोनला बोट टोचून साखर तपासली, ती जागेवर आली होती. मग शीर शोधण्याचा कार्यक्रम. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला सुई चालत नाही आणि दुसऱ्या हाताच्या शिरा केमोनं करपलेल्या. नर्सबाईंनी हातावर चापट्या मारल्या, गरम पाण्याची पिशवी ठेवली. "मावशी, शीर गेली कुठं तुमची?"

"मेडिकल लिव्हवर आहे," मी म्हटलं. तिसऱ्या टोच्याला सापडली.

औषध गेल्यावर एक तास एका खोलीत नुसतं पडून राहायचं. हलायचं नाही, चघळायचं नाही आणि बोलायचं तर नाहीच, कारण बोललं की जबड्याचे स्नायूच औषध ओढून घेतात. हे ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा लग्नातही पाहिला नव्हता. "एक तास? ही?" त्यांनी नर्सबाईंना विचारलं. "घरी न्यायले भेटते का हे औषध?"

त्या तासाभरात मी छताकडे पाहत पडून होते. ठिपका वाढला असेल असंच मला वाटत होतं. भीती वाटत होती, फार वाटत होती. मग मी मनातल्या मनात आवराआवर काढली. पेन्शनचे कागद कुठल्या कपाटात आहेत, कुठली साडी कोणाला, गच्चीवरच्या कुंड्या कोण नेईल, ताईला कसं सांगायचं. सगळं जागच्या जागी लागलं.

मशीनमध्ये घातल्यावर दुसरी एक सुई देतात. त्यानं तोंडात गंजलेल्या लोखंडाची चव येते आणि कमरेखाली अशी ऊब पसरते की माणसाला वाटतं, झालं, अंथरुणातच झालं! दर वेळी सांगतात की हा नुसता भास असतो. दर वेळी मी उठल्यावर मागून परकर चाचपून पाहते. पुढं आणखी एक फर्मान, औषध निघून जावं म्हणून पाणी भरपूर प्या. नागपूर ते वर्धा आम्हाला पाच ठिकाणी थांबावं लागलं. खापरीचं, बुटीबोरीचं, सगळी स्वच्छतागृहं आता मला कडीच्या आवाजावरून ओळखता येतील.

औषधाचे किरण अंगातून निघत असतात, म्हणून सकाळपर्यंत लहान लेकरं आणि गरोदर बाया यांच्यापासून लांब राहायचं होतं. हे कळल्यावर ताईनं फाटकाशीच खुर्ची टाकली. शेजारची सून कडेवर लेकरू घेऊन विचारपूस करायला आली, तिला लांबूनच पिटाळलं. "मांगं हो, मांगं हो! तिच्या आंगातून करंट निंगून राह्यला!" मग हळूच ह्यांना विचारलं, "भाऊजी, मले काई होते का?"

"तुमचं वय गेलं ताई," हे म्हणाले. ताई त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी वर्ध्यात आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते कॉम्प्युटरवर चित्रं वरखाली करत राहिले. मी त्यांच्या भुवया वाचत होते. माझ्यासमोर पेपर तपासून घेताना पोरं माझ्या पेनाकडे का बघत राहायची, ते मला तेव्हा कळलं. हे शेजारी फाइल मांडीवर धरून ताठ बसले होते.

"वाढला नाही," डॉक्टर म्हणाले. "उलट जरा पुसट झालाय. जुनाच डाग आहे. आता सहा महिन्यांनी या."

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मला इतका आनंद झाला होता की जीभ आवरेना. म्हणून बोलून गेले, "खरं सांगू का? वाढला असता तरी मी केमो घेणार नोती."

ह्यांचा कप तोंडाशीच राहिला. "कधी ठरवलं हे?"

"तीन महिने झाले."

ह्यांनी कप खाली ठेवला. रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मंग बाकीचंबी ठरवलंच असंल तुनं. पेन्शन, साड्या."

"हो."

"आन माह्यं?"

छत्तीस वर्षांचा संसार, आणि त्या तासाभरात मी कुंड्यांची सोय लावली, ह्यांची नाही. सकाळी उठून हे कोणाचा राग सोसतील, याचा विचारच मनाला शिवला नव्हता. मला फार लाज वाटली.

"बरं," मी म्हटलं. "पुढं कधी लागली तर घेईन."

ह्यांनी फाइल उघडली, मागचा एक कोरा कागद काढला, खिशातलं पेन माझ्यापुढं धरलं. "लिहून दे."

मी हसले. हे हसले नाहीत. पेन तसंच माझ्यापुढं धरून राहिले. टपरीच्या फळीवर कागद ठेवून मी लिहिलं, 'गरज पडल्यास शक्यतो केमो घेईन.' त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, सावकाश वाचलं. मग कागद माझ्यासमोर ठेवून मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'शक्यतो' काट," ते म्हणाले. "आन मंग सही कर."