गणपतीच्या चक्राची मोटर

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजनं मला शाल दिली, नारळ दिला आणि सहाशे पानांचा एक गौरवग्रंथ दिला. गौरव माझा नव्हता. संस्थेच्या अध्यक्षांचा होता, आणि प्रती शिल्लक होत्या. तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यामुळे एवढं खात्रीनं सांगतो, की ते पुस्तक कुणीही, अगदी मुद्रितं तपासणाऱ्यानंसुद्धा, शेवटपर्यंत वाचलेलं नाही. तरी मी ते रद्दीत दिलं नाही, आणि पुढं त्याचा उपयोग झाला. गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या बारीक कड्या दोऱ्यानं बांधतात, आणि बांधताना तो दोरा ताणलेला राहावा लागतो. तो जाड पुस्तकाच्या पानांमधून ओढून घेतला की पुस्तकाच्या वजनानं आपोआप ताण बसतो. अध्यक्षांचं बालपण आणि त्यांचं शैक्षणिक कार्य यांच्या मधून दोरा फार छान सरकतो.

काठी मी माझ्यासाठी करत नव्हतो. शेजारच्या भाईंसाठी करत होतो.

भाई एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. आमच्या दोन घरांत एक भिंत, आणि पंचवीस वर्षं आमचे रविवार एकत्र गेले. सकाळच्या पहिल्या बसनं पैठण, तिथून चालत धरणाच्या पाण्याकाठी, आणि दुपारपर्यंत बसून राहायचं. मासे भाई धरायचे, मी वाचायचो. मी मासा खातही नाही. गेल्या वर्षी भाईंना अर्धांगाचा झटका आला. महिन्याभरात चालणं परत आलं, बोलणं आलं, उजव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत. खांद्यात जोर होता, पंजात नव्हता.

"सर," एक दिवस ते म्हणाले, "एकदा मला पाण्यावर न्या. एक मासा लागू द्या, बस. मग पोरगा पुण्याला नेऊ दे, नायतर कुठं बी."

दिवाळीनंतर मुलगा त्यांना आणि भाभींना पुण्याला नेणार होता. बाजारातली एकही काठी भाईंच्या हाताला चालणारी नव्हती. त्यांना मूठ लांब हवी होती, उजव्या बगलेत दाबून पट्ट्यानं दंडाला बांधता येईल अशी, म्हणजे रील फिरवायला डावा हात मोकळा. अशी काठी कुणी विकत नाही. मी म्हणालो, मी बनवतो. हे म्हणताना मला फार बरं वाटलं. दुसऱ्या कुणाला एखादं वाक्य बोलताना इतकं बरं वाटलेलं दिसलं असतं, तर मी त्याच्याकडं संशयानं बघितलं असतं.

भाईंचा स्वतःचा बेत सोपा होता. "माझी जुनी काठी घ्या, मागं पाइपाचा तुकडा जोडा, वर सायकलची ट्यूब गुंडाळा. संध्याकाळपर्यंत होतंय."

मला ते जुगाड वाटलं. मी तोवर काठ्या बांधण्यावरचं एक पुस्तक मागवून वाचायला लागलो होतो. मोबाइलवर काठ्या बांधणाऱ्या हौशी लोकांचा एक गट सापडला. त्यातले एक निवृत्त अधिकारी रोज सकाळी स्वतःच्या अवजारांचा फोटो टाकून खाली लिहायचे, 'काठी बांधणं ही साधना आहे.' मी हसायचो. मग तो फोटो मोठा करून बघायचो.

सामान जमवण्यात उन्हाळा गेला. कड्या नाहीत, मूठ नाही, अशी नुसती पोकळ काठी मिळते. तिला ब्लँक म्हणतात. पहिली आली ती शेंड्याला पिचलेली. मोटरसायकलवर मावेना म्हणून कुरियरवाल्यानं ती वाकवून बांधली होती. "पडद्याचा रॉडच हाय ना, काका?" तो म्हणाला. दुसरी महिन्यानं आली. मुठीला बूच हवं होतं. शहरात बूच मागितलं की दुकानदार प्लॅस्टिकचं झाकण पुढं करतात. शेवटी आमच्याच कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोठ्या बाटल्यांची जुनी बुचं निघाली, आणि त्यांना भोकं पाडायच्या पितळी नळ्यांची पेटीसुद्धा. निकामी वस्तूंच्या यादीत ती कितीतरी वर्षं पडून होती. कॉलेजात इतक्या वर्षांत मला मिळालेला हा सगळ्यात खरा मान.

दोरा म्हणून रेशीम घ्यायला मी मुद्दाम पैठणला गेलो. मागावर बसलेल्या बाईंनी विचारलं, कशाला हवंय. मी सांगितलं, गळाच्या काठीला कड्या बांधायच्यात.

"अगं बाई," त्या हात न थांबवता म्हणाल्या, "माशाला पैठणी नेसवता का?"

तरी मोरपंखी रंगाची एक लडी दिली. परतताना चितेगावला कारखान्यांची पाळी सुटलेली होती, बस भरून गेली, आणि मी ती लडी वहीत जपून धरून तासभर उभा होतो. कारागीर असल्यासारखं वाटत होतं. अजून एक कडी बांधलेली नव्हती.

भाई रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसायचे.

"आज काय आलं, सर?"

"बारीक कानस. कड्यांचे पाय घासायला."

"माझ्याकडं हाय की कानस."

"ती जाड आहे, भाई."

"बरं."

असे पुष्कळ 'बरं' जमले. एकदा त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. काठी टेकवायचे स्टँड, ब्रशांचा संच, गोंदाच्या जोडीजोडीनं मांडलेल्या बाटल्या, मोजायचे चिमुकले पेले. म्हणाले, "काठी बांधताय, का लेकीच्या लग्नाचा रुखवत मांडलाय?"

मी हसलो. अध्यक्षांच्या प्रत्येक सत्काराला मागच्या रांगेत बसून मी असंच काहीतरी शेजाऱ्याच्या कानात बोलत आलो होतो.

आषाढात काठी बांधून झाली. मूठ बसली, पट्टा बसला, मोरपंखी रेशमाखाली कड्या एका ओळीत आल्या. उरला फक्त लेप. दोन बाटल्यांतलं द्रव्य सारखं मिसळून रेशमावर लावायचं आणि ते ओलं आहे तोवर, म्हणजे चारेक तास, काठी आडवी ठेवून संथ फिरवत राहायची. थांबली की लेप ओघळतो आणि खाली गाठी धरतात. त्यासाठी मोटर लागते. मी मागवलेली मोटर अशी फिरली, की चाचणीच्या लेपाचे शिंतोडे अध्यक्षांच्या मुखपृष्ठावरच्या फोटोपर्यंत गेले. गुलमंडीतल्या सजावटीच्या दुकानदाराला मात्र माझं दुखणं लगेच कळलं.

"गणपतीमागं चक्र फिरतं ना, त्याची मोटर पायजे तुम्हाला. एकदम सावकाश. पण आत्ता नाय, मागचा माल संपला. गणपतीच्या टायमाला या."

मी मनाशी आखणी केली. गणपतीत मोटर, पितृपंधरवड्यात लेप, दसऱ्याला भरलेलं धरण, दिवाळीच्या आत मासा. सगळं नीट बसत होतं. भाईंना सांगितलं.

"मोटर कशाला?" ते म्हणाले. "मी फिरवतो की. डावा हात हाय ना धड. चार तास काय, दिवसभर फिरवतो. मला दुसरं काम काय हाय, सर?"

आणि मी म्हणालो, "हातानं वेग सारखा राहत नाही, भाई."

ज्या माणसानं जन्मभर गाड्यांची इंजिनं हातानं लावली, त्याला मी हे सांगत होतो, आणि माझ्यापाशी आधार होता एका पुस्तकाचा.

"बरं," ते म्हणाले. "तुमचं पुस्तक म्हणतंय तर बरोबरच असंल."

श्रावणात, एका गुरुवारी, मुलाचा फोन आला. पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरची वेळ लवकर मिळाली होती. शनिवारी टेम्पो येणार होता. भाई संध्याकाळी आले, पण बसले नाहीत.

"उद्या जाऊन यायचं का पैठणला? हायेच तशी काठी घेऊन."

"लेप नाही, भाई. दोरा उघडा आहे. पाणी लागलं की कड्या सुटतील."

त्यांनी स्टँडवरच्या काठीकडं बघितलं. या वेळी 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत.

एका दिवसात काही सुटलं नसतं. उघडं रेशीमसुद्धा एखादा मासा सहज सोसतं. हे मी नंतर वाचलं.

गणपतीत मोटर मिळाली. दुकानदारानं सांगितलं होतं तशीच, सावकाश आणि बिनआवाजी. मी लेप लावला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. मोटर असल्यामुळे मला करण्यासारखं काही नव्हतं. काठी फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी भिंग लावून बघितलं, कुठंही ओघळ नव्हता, एक बुडबुडा नव्हता. गटात फोटो टाकला तर त्या अधिकाऱ्यांनी लिहिलं, 'याला म्हणतात साधना.' मी गट सोडला. हे धैर्य चार महिने आधी दाखवायला हवं होतं.

दिवाळीनंतर काठी घेऊन पुण्याला गेलो. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. भाई गॅलरीपाशी खुर्चीत होते. पावसाळ्यात आणखी एक छोटा झटका येऊन गेला होता. आता जिना नाही, बस नाही, दुसऱ्याच्या खांद्याशिवाय चालणं नाही. भाभींनी चहा दिला आणि काठीकडं बघून डोळ्यांना पदर लावला. मुलाला ती फारच आवडली.

"वा, अंकल, एकदम कस्टम! हिला हॉलमध्ये लावू या, टीव्हीच्या वर. पाहुण्यांना दाखवता येईल."

भाईंनी डावा हात पुढं केला. मी काठी दिली. त्यांनी मूठ मांडीवर टेकवली, काठीचं मधलं अंग बोटांत घेतलं आणि प्रत्येक कडीवरून अंगठा फिरवला.

"मशीनवर फिरवली?"

"हो."

"भारी झालीये. ओघळ नाय कुठं."

मग ते काठी फिरवायला लागले. अंगठा आणि दोन बोटं, एवढ्यावरच, सावकाश, एकाच बाजूला. कड्या एकामागून एक वर येत होत्या आणि खाली जात होत्या.

"बघा, सर," ते म्हणाले, "वेग सारखा हाय का नाय?"

मी बघत राहिलो. सारखा होता. पाठीमागं मुलगा टेप लावून भिंतीवर खिळ्यांच्या खुणा करत होता, आणि भाभी त्याला म्हणत होत्या, थोडी वर लाव, एवढ्या खाली पोरांचा हात पोचंल.