शनिवारचे सामने

शमीम गेल्याचं मला सनाच्या फोनवरून कळलं. सना तिची मुलगी. मंगळवार होता, सकाळचे पावणेआठ, मी यांचा डबा भरत होते. मस्कतला तेव्हा सव्वासहा वाजलेले असतात, त्यामुळे नंबर बघूनच काय ते समजलं. "सुमनखाला, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. झोपेतच गेली होती. मी विचारलं, दफन तिकडेच का? तिकडेच, दुपारी. तुझ्याजवळ कोण आहे? शेजारच्या लीलाआंटी आहेत. काही खाल्लंस का? नाही. खाऊन घे, म्हटलं आणि फोन ठेवला. डब्याचं झाकण लावलं. मग नंदाला फोन केला, कारण आम्ही तिघी मैत्रिणी आणि तिसरीला ही बातमी मीच द्यायची, असं मी गृहीत धरलं होतं. नंदाने पहिल्या रिंगलाच उचलला. "कळलं गं," ती रडत म्हणाली, "सनाचा आला होता आत्ता." किती वाजता, असं मी विचारलं. खरंच विचारलं. "दहा मिनिटं झाली असतील..." आज आठ आठवड्यांनंतर सांगायला हरकत नाही. शमीम गेल्याचं दुःख मला नंतर झालं. आधी त्या दहा मिनिटांचं झालं.

मी आणि नंदा खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलो, समोरासमोरच्या इमारतींत. शमीम बाजारातली. तिच्या अब्बांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. ते हॉकी स्टिकांना नवी ग्रिप बांधून द्यायचे आणि गोलकीपरची फाटकी पॅडं शिवून द्यायचे. घरात सतत हॉकीचीच बोलणी, पण शमीमला स्वतःला खेळता अजिबात यायचं नाही. स्टिक तिच्या हातात केरसुणीसारखी दिसायची. मी शाळेच्या संघात फुल बॅक होते, चांगली होते. नंदा ना खेळायची, ना तिला खेळातलं कळायचं, ती आमच्याबरोबर यायची इतकंच. त्यामुळे सुरुवातीपासून असं झालं की मी मैदानात आणि त्या दोघी कडेला, शेजारी-शेजारी. सामना जिंकून मी घामाघूम बाहेर यावं, तर त्या दोघी कशावर तरी हसून लोळत असायच्या. "काय झालं?" विचारलं की शमीम म्हणायची, "तुला नाही कळणार, तू खेळत होतीस."

लग्न होऊन शमीम मस्कतला गेली आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिली. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करायची. बाहेरगावी गेलेली माणसं सणाला येतात, लग्नाला येतात. ही स्पर्धेला यायची. हिवाळ्यातली जिल्ह्याची मुलींची हॉकी स्पर्धा कधी आहे ते ती ऑक्टोबरपासून विचारायला लागायची आणि त्याप्रमाणे रजा टाकायची. सख्ख्या भावाच्या मुलाचं लग्न एकदा स्पर्धेच्या आठवड्यात निघालं. हिने भावाला तोंडावर विचारलं, "तारीख बघताना कुणी शहाणं माणूस नव्हतं का घरात?" लग्नाला ती गेली, पण जेवण टाकून दुसऱ्या हाफला मैदानावर हजर, जरीच्या ओढणीसकट.

आमचा क्रम ठरलेला होता. खडकी स्टेशनवर भेटायचं, लोकलने पिंपरी, तिथून रिक्षाने मैदान. अब्बांनी शेवटच्या दिवसांत जुन्या पॅडांच्या कॅनव्हासची आम्हा तिघींना बसकरं शिवून दिली होती, मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्या थंड असतात म्हणून. नंदाचं बसकर नंदाकडे. शमीमचं मात्र वर्षभर माझ्याकडे असायचं, माझ्या बसकराबरोबर, माळ्यावर. विमानात ओझं कशाला, असं ती म्हणाली होती. ते माझ्याकडे असतं ही गोष्ट मी नंदाला दर वर्षी या ना त्या निमित्ताने ऐकवत असे. मैदानावर बसायचा क्रमही ठरलेला: नंदा, शमीम, मी. शमीमचा उजवा कान माझा. मी तिला सांगायचे, ती सहा नंबरची बघ, चेंडू यायच्या आधीच वळते, मार खाणार. शमीम मान डोलवायची आणि मग डावीकडे वळायची, कारण नंदा म्हणत असायची, "ती सहा नंबरची पोरगी कुणावर तरी रागावली हाय बघ." नंदा लग्नानंतर हडपसरला बागाईतदारांच्या घरी गेली आणि तिच्या 'आहे'चं 'हाय' झालं. शमीमला ते फार आवडायचं. पंचाने आपल्याविरुद्ध दिलं की शमीम उभी राहून ओरडायची, "अहो पंच, चष्मा घरी राहिला का? पत्ता सांगा, आणून देते!" एकदा पंचाने खरंच वळून पाहिलं. नंदाने तिला ओढून खाली बसवलं, दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मला तेव्हा पेनल्टी कॉर्नर बघायचा होता.

एका वर्षी आमच्या खडकीच्या मुली उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला हरल्या. शमीमला घरी जायचं नव्हतं. "हरल्यावर माणसाने पाणी बघावं," ती म्हणाली. असलं काही कुणी कुठे म्हटलेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोन स्कूटरी काढून खडकवासल्याला गेलो. अर्थात शमीम माझ्यामागे बसली, कारण नंदाला स्कूटर नीट चालवता येत नाही. धरणाच्या कठड्यापाशी भाजलेली कणसं खाल्ली आणि दाणे संपलेली कणसं शमीमने कठड्यावर मांडली. ही आपली बॅक, ही त्यांची फॉरवर्ड, हा गोल. "सुमन, आता तू सांग. तू असतीस तर कुठे उभी राहिली असतीस?" मी कणीस उचलून दोन वीत मागे ठेवलं. आधी मागे, मग तिरकं पुढे, चेंडू बाहेरच्या बाजूला ढकलायचा. शमीम बराच वेळ त्या कणसाकडे बघत होती. "गोल वाचला असता," ती म्हणाली. तेवढ्यात नंदाने एका कणसाच्या शेंड्याला दोन शेंगदाणे लावले आणि म्हणाली, "आणि हे पंच. चष्मा लावून आलेत." शमीमच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. पुढे मस्कतमधल्या बायकांना ती खडकवासल्याची गोष्ट सांगायची, असं सना म्हणते. त्या गोष्टीत चष्म्याचं कणीस आहे. वाचलेला गोल नाही.

त्या मस्कतच्या बायकांबद्दलही सांगायला हवं. तिथेही तिने हॉकी बघणाऱ्यांची टोळी जमवली होती. भारताचा सामना असला की पाचजणी मिळून जायच्या. एक फोटो तिने मला पाठवला होता: पाच बायका, गालांवर तिरंगे, मागे उजळलेलं मैदान. मी तो मोठा करून बघितला. शमीमचा हात केरळच्या लीलाच्या खांद्यावर होता. "ही लीला, ढोल आणते मॅचला," असं खाली लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं, "छान. आवाजाचा त्रास होत नाही का?"

दोन वर्षांपूर्वी शमीमचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. स्पर्धेच्या आधी तिचा फोन आला. "आमच्या पोरींचे सामने काही टीव्हीवर दाखवत नाहीत. तू मैदानावरून मला सांगशील? तुझ्यासारखं कुणाला सांगता येणार?" मी शनिवारी अर्धी रजा टाकली, कानात इअरफोन घातला आणि सिमेंटच्या पायरीवर बसून तिला पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सामना सांगितला. ती फारसं बोलायची नाही. मधूनच "उजवीकडे कोण मोकळी आहे?" असं विचारायची, म्हणजे बरोबर बघत असायची. दोन वर्षं, स्पर्धेतला प्रत्येक शनिवार. नंदाला मी हे सांगितलं नाही. तिने विचारलं तर ऑफिसात काम आहे म्हणायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शमीमचे दोन्ही कान माझे होते. रविवारी मात्र ती नको म्हणायची. "रविवारी इकडे कामाचा वार असतो गं, शुक्रवार-शनिवार सुट्टी. जमत नाही." हे खरंच होतं, मस्कतला रविवार कामाचा वार. रविवारी माझ्याकडेही सासूबाई, मुलगा-सून, दोन भाज्या, पुऱ्या. मी फार ताणलं नाही. रविवारी फायनल असायची. निकाल कुणाकडून तरी संध्याकाळी कळला की मी तिला मेसेज टाकायचे. पहिल्या वर्षी आमच्या मुली जिंकल्या तेव्हा तिचं लगेच उत्तर आलं: "अय्या, खरंच? कधी संपली?"

ती गेल्यानंतर दहा दिवसांनी सना पुण्याला आली. खडकीला तिच्या मामांच्या घरी दुआ होती. मी गेले, नंदा दोन बस बदलून हडपसरहून आली. चहा झाल्यावर सना आमच्या मधे येऊन बसली आणि दोघींचे हात हातात घेऊन म्हणाली, "ऑपरेशननंतर अम्मी स्पर्धेच्या दिवसांत तुमच्या फोनचीच वाट बघायची. नोकरी सोडली, बाहेर जाणं सोडलं, पण फोनची वेळ झाली की केस विंचरून बसायची. शनिवारी सुमनखाला, रविवारी नंदाखाला."

नोकरी सोडली होती. हे मला माहीत होतं. मीच तिला सोड म्हणून सांगितलं होतं. मग तिला रविवार कसला कामाचा, हे दोन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते.

स्टेशनपर्यंत आम्ही चालत निघालो. बाजार मागे पडला.

"फायनल?" मी विचारलं.

"हो."

"दोन्ही वर्षं?"

"दोन्ही."

"तुला पेनल्टी कॉर्नर तरी कळतो का?"

"कुठला कळायला! ती विचारायची, पोरी कुठं उभ्या हायत? मी सांगायचे, पाचजणी गोलात कोंबड्यांसारख्या दाटीनं उभ्या हायत. मग तीच ओरडायची, अगं कॉर्नर आहे, नीट बघ!"

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

नंदा थांबली. "आधी वाटलं, तुला माहीत असंल. नंतर वाटलं, माहीत नसंल तर बरंय. तुझ्याकडं तिचं बसकर हाय ना. माझ्याकडं काय होतं?" मग म्हणाली, "आमचे हे गेल्यावर रविवारी घर खायला उठायचं, सुमन. पोरं पोरांच्या घरी. तिनं फोन केला, नंदे, एक काम करशील का माझं? रविवारी मला डोळे नाहीत."

नंदाचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. मी तेराव्याला गेले होते, डबे दिले होते, बँकेचे कागद करून दिले होते. रविवारचं माझ्या मनात आलं नव्हतं. शमीमच्या आलं, समुद्रापलीकडून. मला तिने विचारलं असतं, सुमन, फायनल नंदाला देऊया का, तर मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. म्हणून तिने विचारलं नाही, कामाचा वार सांगितला. हे सगळं मला पटतं. तरीही खरं सांगते, ते "अय्या, खरंच?" मी अजून गिळलेलं नाही. त्या फायनलचा गोल तिने माझ्या दोन तास आधी ऐकला होता, कोंबड्यांसकट.

गेल्या रविवारी यंदाची फायनल झाली. सासूबाईंना मी सांगितलं, आज पुऱ्या नाहीत, सून खिचडी करेल. खडकी स्टेशनवर नंदा उभी होतीच, काही ठरलेलं नव्हतं. मैदानावर आम्ही शमीमचं बसकर मधे ठेवलं आणि दोन्हीकडे बसलो. नंदाने सवयीने त्यावर पर्स ठेवली. "उचल ती," मी म्हटलं. तिने उचलली. दुसऱ्या क्वार्टरला मी तिला म्हटलं, "सांग."

"काय सांगू?"

"तिला सांगायचीस तसं."

आणि मी डोळे मिटले. नंदा आधी लाजली, मग सुरू झाली. ती उंच पोरगी पडली, गुडघा फुटलाय पण बघतसुद्धा नाही त्याच्याकडं... पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं, आता ती बाकावर बसली हाय, ओठ घट्ट मिटून, तिची आई वर उभी राहिली, खाली बसली, परत उभी राहिली... मी दोनदा तिची चूक दुरुस्त केली. तिसऱ्यांदा गप्प बसले. ती चांगली सांगते. माझ्याकडून शमीमला चेंडू कुठे आहे ते कळायचं. त्या आईचं मी कधीच सांगितलं नसतं, कारण मी तिकडे बघितलंच नसतं.

सामना आमच्या मुली हरल्या. निघताना नंदाने शमीमचं बसकर उचललं, धूळ झटकली, थोडा वेळ हातात धरलं. "हे मी नेऊ का गं, एवढं वर्ष?"

मी ते तिच्या हातातून घेतलं आणि माझ्या पिशवीत टाकलं. "नाही," मी म्हटलं. "दर रविवारी मीच घेऊन येत जाईन, तुझ्याकडे."