रोथिल्दा मावशीची डुकरं आणि संतांचं रान

आमच्या व्हालमोन गावात संतांशी भांडलेली बाई एकच, रोथिल्दा मावशी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. होती ती दोन डुकरं आणि तोंड.

गावामागचं ओकचं रान पणजोबांच्या आधीपासून सगळ्यांचं. पानगळीत झाडांखाली फळांचा सडा पडायचा, डुकरं ती खाऊन टम्म व्हायची आणि खारवलेल्या मांसावर आमचा हिवाळा निघायचा. एका वर्षी जहागीरदार गिशार यांनी हे रान संत ओडेरना अर्पण केलं. जे आपलं नाही ते दान करायला मन फार मोठं लागतं! संत तीनशे वर्षं चर्चच्या वेदीखाली पेटीत पडून, त्यांना रान राखणं कसं जमणार? मग राखणदार कोण? गिशारच. दुसऱ्या दिवशी रानाच्या तोंडाशी त्यांचा भालेवाला उभा.

"मावशे, डुकरं मागं घे. रान संतांचं झालंय."

"संतांना ओकची फळं आवडायला लागली होय रे?"

"जहागीरदारांना विचार."

"मालक संत ना? मग राखणदाराला कशाला विचारू?"

आमच्याकडे जुनी रीत आहे. संत आपल्या माणसांकडे बघेनासे झाले की वेदीवरचं कापड ओढायचं आणि वेदीला छडीनं फटके द्यायचे. रविवारी भरल्या चर्चमध्ये मावशीनं तेच केलं.

"ओडेरबाबा, झोपलात काय? तुमच्या नावानं आम्हाला लुटतायत!"

"अगं, हळू! हाडं मोडतील त्यांची," पाद्री द्युराँ कळवळले.

"मोडू देत. माझी डुकरं उपाशी आहेत."

मागून दोघांनी वेदीला फटके द्यायला कमरेचे पट्टे सोडले. मीही माझ्या पट्ट्याला हात घातला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात गिशार आत आले. आता मावशीची पाठ सोलणार, असं वाटलं. तर त्यांनी तलवार काढून ठेवली, मावशीशेजारी गुडघे टेकले, वेदीचं चुंबन घेतलं आणि चक्क रडले.

"संत आत्ता माझ्याशी बोलले," ते म्हणाले. "गावाची डुकरं रानात जाऊ देत. यंदापुरती."

झालं! बायका मुसमुसू लागल्या. सोडलेले पट्टे पुन्हा कमरेला गेले, माझाही.

"यंदापुरती?" मावशी ओरडली. "अरे, रान आपलंच होतं!"

"गप गं," तिची सख्खी बहीण म्हणाली. "मिळालंय ना? केवढा देवमाणूस!"

तलवार उपसून रान घेतलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं. रडणाऱ्या माणसाशी कोण भांडणार?

पुढच्या पानगळीत सगळं गाव टोप्या हातात घेऊन गिशारांच्या गढीपुढं रांगेत. मावशीही. पोटापुढं तिचंही काही चालेना.

"काय हवंय?" कारभाऱ्यानं विचारलं.

"माझा हक्क."

"तसलं काही इथं मिळत नाही. काय हवंय?"

मावशी जागची हलेना. मागून लोक खेकसायला लागले, "म्हातारे, आटप की! आमचीही डुकरं आहेत."

तिनं एकदा वळून आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मग कारभाऱ्याला म्हणाली, "कृपा."