कळवणला पाठवलेली चिनी पुडी

ज्या पुडीवरचं एक अक्षर तुम्हाला वाचता येत नाही, ती तुम्ही आपल्या माणसाला प्यायला द्याल का?

मी दिली. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. चीनच्या खेड्यांत अनवाणी डॉक्टर झाडपाल्यानं गरिबांना बरं करतात, हे मी वाचलं होतं आणि मग स्वतःच्या पत्रकातही छापलं होतं. नाशिकच्या मेन रोडवर एक पथारीवाला चिनी अक्षरांची पुडी 'चरबी उतरवणारा चहा' म्हणून विकत होता, ती मी कळवणच्या मावशीला पाठवला. मावशी शिक्षिका, अंगानं भारी, मधुमेहाची. दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं : "वजन उतरलं. साखरेच्या गोळ्याही सोडल्या."

दुसरं वाक्य वाचून मी सकाळची एसटी धरली.

दिंडोरीपर्यंत द्राक्षांचे मांडव सोबत होते. वणीला टायर पंक्चर झालं. समोर सप्तशृंगीचा डोंगर, ओंजळीत भाजलेल्या शेंगा. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाकडं?"

"मावशीकडे. आजारी आहे."

"मंग शेंगा खाय. नुसत्या धरून ती बरी व्हनार नाय."

मावशी दाराची चौकट धरून उभी होती. गाल बसलेले. "बघ, पाच निऱ्या पडायच्या, आता आठ पडतात," ती हसून म्हणाली. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. जेवताना ती एकटी तांब्याभर पाणी प्यायली.

"मावशी, गोळ्या का सोडल्यास?"

"तूच छापलंयस ना, गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा?"

छापलं होतं. मी ताट सारलं आणि उरलेली पुडी मागून घेतली.

आठवडे बाजार होता; मावशीलाही सोबत नेलं. पोत्यावर मुळ्या-साली मांडून बसलेल्या एका आजीला मी पुडी दाखवली. तिनं एक पान चावलं. "हाई ते सोनामुखी शे, बाई." (ही तर सोनामुखी आहे.)

"म्हणजे जुलाबाची?" मावशीनं विचारलं. तिच्या आईच्या फडताळात ती कायम असायची.

आजीनं मान हलवली. बाकीचा चुरा हुंगून परत पुडीत टाकला. तो कशाचा, ते तिला ओळखू येईना. आपल्याला जे ओळखू येत नाही ते आपण विकत नाही, एवढंच ती म्हणाली. चिनी वैद्यकाशी माझं आजही भांडण नाही. पण ही आजी जेवढं तपासून विकत होती, तेवढंही मी तपासून पाठवलं नव्हतं.

तिथून मी मावशीला सरकारी दवाखान्यात नेलं. परीक्षानळीत निळं औषध होतं. लघवीचे थेंब टाकून तापवल्यावर ते विटेसारखं लाल झालं. डॉक्टर म्हणाले, "लघवीतून साखर चाललीय. वजन चहानं नाही, साखरेनं उतरवलंय. अजून थोडे दिवस गेले असते, तर यांना उचलून आणावं लागलं असतं." गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या.

मी चार दिवस राहिले. निघताना मावशीनं नागलीचे पापड बांधून दिले. "रागावले नाही गं. पण पुढचं पत्रक आधी मला दाखव. ऱ्हस्व-दीर्घाच्याही चुका असतात."

परतीच्या एसटीत मांडीवर पापड होते आणि डोक्यात एकच हिशोब : ते पत्रक आणखी किती घरांत गेलं असेल?

तुमच्या घरी असेल, तर फाडू नका. कंपन्यांच्या धंद्याबद्दलच्या त्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहा : 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी सोडू नये.' आणि ज्याला ते वाचायला दिलं असेल, त्याच्या घरी आजच जाऊन ही ओळ दाखवा.