अंटार्क्टिकावरची संकष्टी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पेठच्या शाळेतून नुकतीच नाशिकला परतले होते. "वन्सं, हे गेले हो..." एवढंच बोलली ती. महिना होत आला, तरी दादाचा नंबर मोबाइलमधून काढायला हात धजत नाही.

माधवदादा माझा थोरला भाऊ. हरसूलच्या भातशेतीतला पोरगा खगोलशास्त्रज्ञ झाला, याचं गावाला भारी कौतुक; फक्त एवढी मोठी दुर्बीण असून पाऊस कधी पडेल ते सांगत नाही, म्हणून जरा नाराजीही. पुढे अंटार्क्टिकाच्या मोहिमेत त्याची निवड झाली. तिथल्या कोरड्या, स्वच्छ हवेत दुर्बीण उभारता येईल का, हे बघायचं होतं. आईनं एकाच अटीवर होकार दिला. "संकष्टी मोडायची नाय. चंद्र पाहूनच जेवायचं." पंचांगातली वेळ तिला चालत नसे. दादा लगेच हो म्हणाला. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत सांगणारा हा माणूस, आईला शब्द देताना मात्र साधं गणित करायला विसरला!

दिवाळीनंतरच्या संकष्टीला मी हरसूलला होते. नऊच्या सुमारास त्याचा फोन आला. तिथं सूर्य मावळत नव्हता आणि चंद्र उगवत नव्हता. "आई, इथं चंद्र दिसायला अजून तीन-चार दिवस लागतील गं..." आईला दिलेला शब्द तो मोडणार नव्हता. त्या थंडीत तो उपाशीच राहणार होता. आई अंगणात जाऊन आली.

"म्या पाह्यला ना! लय मोठा हाय. माझा तोच तुझा. जेव आता."

फोन ठेवला आणि ती तशीच उपाशी आडवी झाली. बाहेर अवकाळी ढग दाटले होते, एक चांदणीसुद्धा दिसत नव्हती.

हे मी दादाला कधी सांगितलं नाही, अगदी आई गेल्यावरही नाही. शेवटच्या भेटीत मात्र राहवलं नाही. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. ऐकून हसला.

"माहीत होतं मला. तळावर उपग्रहाची चित्रं यायची. त्या दिवशी अख्खा नाशिक जिल्हा ढगाखाली होता."

"आणि तरी जेवलास?" मला खरंच राग आला होता.



"उभ्या जन्मात एकदाच खोटं बोलली गं ती, तेही मी जेवावं म्हणून. ते वाया कसं घालवायचं? पोटभर जेवलो मी... रडत रडत, पण पोटभर."