कानातली शिट्टी आणि कानामागची मशीन

तीस वर्षं राइस मिलमध्ये काम केलं. ते सोडून घरी बसलो आणि डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. घर शांत असलं की ती जास्तच वाजायची. एकदा तर मी कुकर बंद करायला उठलो. बायको म्हणाली, "कुकर तं मांडलाच नाही जी, काय बंद करून राहिले?"

दुसऱ्याच दिवशी ती मला गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणी करून डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "काका, आवाज बंद नहीं होगी. पर आपको सुनाई कम देता है. मशीन लगाओगे तो उधर ध्यान कम जाएगा." मी हिरमुसलो. शिट्टी बंदच होणार नसेल, तर मशीन कायले लावायची? बायको म्हणाली, "लावून तं पाहा."

पहिला आठवडा वैतागात गेला. भांडी डोक्यात आदळायची, स्वतःचं चावणंसुद्धा ऐकू यायचं. मग हळूहळू सवय झाली. एका सकाळी बायको भाजी चिरताना गुणगुणत होती. मी विचारलं, "तू कधीपासून गाते?"

"लगन झालं तेव्हापासून गाऊन राहिली. तुमाले आता आयकू आलं!"

मी तिला पूर्ण गाणं म्हणायला लावलं. ते संपेपर्यंत मला शिट्टीची आठवणही झाली नाही. मशीन काढली की ती आजही वाजते. पण मशीन आता दात घासायच्या आधीच कानावर चढते, आणि बायको फोनवर माझ्याविषयी जरा जपून बोलते.